बाथरूमची दुरुस्ती आणि परवानगी: मुंबईतल्या कलम ३४२ ची पार्श्वभूमी

मुंबईत फ्लॅटचं बाथरूम नव्यानं करायचं म्हटलं की सोसायटीच्या ऑफिसात एक फाइल उघडते. त्यात अर्ज, कंत्राटदाराचं नाव, अनामत रकमेचा चेक आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्रही लागतं. महापालिकेच्या कायद्यात मात्र फरशी, नळ, कमोड बदलणं हे परवानगीविना करता येणाऱ्या कामांत मोडतं. हा विरोधाभास वाटतो, पण तसा तो नाही. कायदा इमारत कोसळू नये म्हणून आहे आणि सोसायटीची फाइल मुख्यतः खालच्या घरात पाणी गळू नये म्हणून. दोन्हींचा उगम वेगळा, म्हणून कागदही वेगळे.

मूळ कायदा १८८८ चा, मुंबई महानगरपालिका अधिनियम. त्यातलं ३४२ वं कलम सांगतं की इमारतीत भर घालायची किंवा तिचा भाग काढून पुन्हा बांधायचा तर आयुक्तांना आधी नोटीस द्या. तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही, तर कामाला लागायची मुभा पुढच्याच तरतुदींत आहे. जुन्या मजकुरातली मर्यादा मजेशीर होती. छप्पर पेलणारी किंवा बाहेरची भिंत जोत्याच्या वर निम्म्याहून अधिक काढणार असाल तर कळवा, आणि लाकडी सांगाड्याचं घर असेल तर तिथे निम्म्याहून अधिक खांब. तेव्हाची घरं म्हणजे लाकडी खांब, तुळया आणि त्यांत भरलेली वीट. कायदा लिहिणाऱ्यांपुढे गिरगाव-भुलेश्वर होतं, काँक्रीटची स्लॅब नव्हे.

बाथरूमची म्हणावी अशी काळजी त्या काळी कुणाला नव्हती, कारण बाथरूमच नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि संडास मागच्या अंगाला. दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीतून सफाई कामगार मैला काढून नेत. भीती होती ती रोगराईची. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचं निदान झालं, ते करणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. दोन वर्षांनी दाट वस्त्या सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शौचकूप बांधायला आयुक्तांची वेगळी लेखी परवानगी लागण्याची तरतूद अधिनियमात आहे, ती आरोग्याच्याच अंगाने.

चित्र बदललं ते १९३० च्या दशकात, दादर, माटुंगा, शिवाजी पार्कला ‘सेल्फ-कन्टेन्ड ब्लॉक’ आले तेव्हा. संडास घरात आला. आपल्या संडासाखाली दुसऱ्याचं काय, हा प्रश्नही त्याच्याबरोबर आला. पुढच्या विकास नियंत्रण नियमावलीत म्हणूनच एक अट दिसते: संडास दुसऱ्या संडास, न्हाणीघर किंवा गच्चीखेरीज अन्य खोलीच्या वर-खाली नको, नाहीतर त्याची जमीन पाणी न झिरपणारी हवी. आजही एखाद्यानं बाथरूम सरकवून खालच्या स्वयंपाकघरावर नेलं की भांडण इथूनच पेटतं.

पागडीच्या घरात विचारायचं ते घरमालकाला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला न विचारता केलेल्या ‘कायमस्वरूपी बांधकामा’तून काही कामं वगळली आहेत. लाकडी पार्टिशन, उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी असे बारीकसारीक अपवाद त्यात आहेत. बाथरूम त्या यादीत नाही.

मालकी फ्लॅटांत घरमालकाची जागा सोसायटीनं घेतली. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि गच्चीची गळती संस्थेकडे, तर घरातल्या संडास-बाथरूमची सदस्याकडे. फेरफार करायचा तर समितीची लेखी परवानगी हवी. ब्रेकर लावून जुना कोबा (फरशीखालचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) फोडला की त्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलंच आणि नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा हलतो, तो वेगळाच. डाग पडतो खालच्या मजल्यावर. अनामत रक्कम मागणाऱ्या सेक्रेटरीला लोक नावं ठेवतात. मला ती मागणी रास्त वाटते, ती परत देताना केलेली टाळाटाळ नव्हे.

कलम ३४२ मध्ये पुढे दुरुस्ती झाली आणि परवानगीविना करता येणारी कामं स्पष्टीकरणात मोजून आली: गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ, विजेची फिटिंग. याच स्पष्टीकरणानं सीमाही आखली. आडवी-उभी मापं बदलणं, आधाराच्या भिंती किंवा स्ट्रक्चरचा भाग काढणं, जमीन खाली नेणं, पोटमाळा घालणं यांना ही सूट नाही.

ती सीमा गंभीर का, हे दुर्घटनांनी दाखवलं. २००७ मध्ये बोरिवलीची लक्ष्मीछाया, २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडला महापालिकेचीच बाबू गेनू मार्केटची इमारत (६१ मृत्यू), २०१७ मध्ये घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली इमारत (१७ मृत्यू). तिन्ही ठिकाणी संशयाचं बोट तळमजल्यावरच्या फेरफारांकडे गेलं. दुकान, गोदाम, नर्सिंग होम. बाथरूम कुठेच नव्हतं. तरी इंजिनिअरचं पत्र मागण्याची सवय सोसायट्यांना लागली ती अशाच बातम्या वाचून.

बाथरूम त्यातून अगदीच सुटतं असंही नाही. चार चौरस मीटरच्या बाथरूमची पातळी सहा इंच उचलून ब्रिकबॅट कोबा भरला तर टनभर वजन स्लॅबवर चढतं. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवली तर त्यात आणखी भर. यादीच्या शब्दांत ही ‘फरशी बदलणं’च ठरेल, इंजिनिअरच्या हिशेबात नाही.

संडास आणि बाथरूम एक करायला मधली साडेचार इंची भिंत पाडणं हे सर्वांत नेहमीचं काम. काँक्रीटच्या सांगाड्यात ती बहुधा नुसती आडभिंत असते, जुन्या वीटबांधकामात मात्र वरचा भार तिच्यावर असू शकतो. पैकी आपली कोणती, हे कंत्राटदारानं ठोकून सांगायचं काम नव्हे. जुना नकाशा काढून इंजिनिअरला दाखवायचं.