सोलापूरचा भुईकोट: डोंगराचं काम तलावाने केलं तेव्हा

सह्याद्रीत किल्ला बांधणाऱ्याचं निम्मं काम डोंगरच करून ठेवतो. सोलापूरच्या सपाट मुलखात ती सोय नव्हती. इथे ते काम पाण्याने केलं, आणि ते पाणी किल्ल्याच्या आधीचं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना हाताशी धरून तलाव खोदला, तो लोकांची तहान भागावी म्हणून. पुढे चौदाव्या शतकात, बहमनी अमदानीत कोट उभा राहिला तो याच तलावाला पूर्वेची बाजू देऊन. त्यामुळे या किल्ल्याची हकीकत सुलतानांपासून सुरू करणं मला पटत नाही.

कोट आकाराने लहान, साधारण २१० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद. बांधणी मात्र पक्की. एकात एक अशा दोन तटबंद्या, मध्ये दहा-वीस फुटांची मोकळी पट्टी. आतला तट बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा फूट उंच, म्हणजे आतल्या शिबंदीला बाहेरच्या तटाच्या डोक्यावरून मारा करता येई. बाहेरचा तट पडलाच, तर शत्रू त्या चिंचोळ्या पट्टीत अडकणार आणि वरून गोळ्या झेलणार! तलावाची बाजू सोडली तर बाकी सगळीकडे शंभर ते दीडशे फूट रुंदीचा खंदक. बुरुजांत बंदुकांसाठी जंग्या, म्हणजे नेम धरायची भोकं, आणि तोफांसाठी कमानदार खोल्या आहेत. तोफा-बंदुकांचं युग आल्यावर कोटाने घेतलेलं हे रूप.

तटाजवळ जाऊन बघावं. ओबडधोबड दगडांच्या रांगेत मधेच एखादा कोरीव दगड दिसतो, जुन्या देवळाचा. आत हेमाडपंती मंदिराचे अवशेषही आहेत. घाईने फिरणाऱ्यांच्या नजरेतून हे हमखास सुटतं.

सोलापूर विजापूरच्या आदिलशाहीच्या आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या सीमेवर, त्यामुळे दोघांचाही यावर डोळा. १५२४ च्या सुमारास आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल झालं. ते हाती पडलं नाही आणि सोयऱ्यांतच लढाई जुंपली. चाळीसेक वर्षांनी उलटं घडलं: निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचं लग्न अली आदिलशहाशी झालं आणि हाच किल्ला आंदणात विजापूरकडे गेला. त्या सोयरिकीतूनच १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधीची, विजयनगरविरुद्धची सुलतानांची एकजूट जमली. अहमदनगर राखणारी म्हणून चांदबिबी सगळ्यांना माहीत. तिच्या लग्नात सोलापूर दिलं गेलं हे खुद्द सोलापुरात तरी घरोघरी माहीत असायला हवं.

१६६८ च्या तहाने किल्ला मोगलांकडे गेला. त्यानंतरच्या सत्तांतरांत विशेष सांगण्यासारखं थोडं. शेवटचा मोठा प्रसंग मे १८१८ चा. दुसऱ्या बाजीरावाची फौज किल्ल्याच्या आसऱ्याला थांबली होती. इंग्रजांच्या जनरल मन्रोने आधी पेठ घेतली, मग तोफा लावून तटाला खिंडार पाडलं आणि काही दिवसांत किल्ला घेतला. जंबुऱ्यांच्या (उंटावरच्या छोट्या तोफांच्या) आणि हलक्या तोफांच्या काळात पुरलेली दुहेरी तटबंदी वेढ्याच्या अवजड तोफांपुढे टिकली नाही. जूनच्या सुरुवातीला बाजीराव शरण आला. १८३८ मध्ये सोलापूर जिल्हा झाला. तोवर लष्करी ठाणं म्हणून कोटाची गरज उरली नव्हती.