आगळ आणि मूळपेशी: काउंटरवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

ग्राहकहो, नमस्कार.

मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची धांदल चालू होती. एका काकींनी मोबाईल पुढे केला. ‘कोकमातल्या अँटिऑक्सिडंटमुळे मूळपेशी वाढतात’ असा मेसेज होता. “खरं काय ता सांगा,” म्हणाल्या. तेव्हापासून हा कागद आम्ही आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, प्रत्येक बाटलीसोबत देतो.

मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल: ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात, त्यांचा उगम हाडांच्या मगजातल्या मूठभर मूळपेशींत. १९६१ साली टोरोंटोत टिल आणि मॅक्युलक या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांचा छडा लावला.

पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा काढते, तेव्हा काही उपद्रवी रेणू सुटतात. ते साठले की डीएनए आणि प्रथिनं बिघडतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, आणि त्या रेणूंना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. मूळपेशी त्यापासून जपून राहतात: मगजात जिथे प्राणवायू कमी, तिथे बहुतेक काळ निजून, साखरेवर प्राणवायूविना गुजराण करत. ताण वाढलाच तर फॉक्सओ नावाची प्रथिनं बचावाची एन्झाइमं तयार करायला लावतात. ज्या उंदरांत ही प्रथिनं काढून टाकली, त्यांच्या रक्ताच्या मूळपेशी निजेतून उठल्या, विभागत सुटल्या आणि साठा आटत गेला. अँटिऑक्सिडंट औषध दिल्यावर त्या बऱ्याच सावरल्या.

मेसेज बहुधा अशाच प्रयोगांवरून निघाला असावा. पण पुढची गोष्ट त्यात नाही. ते उपद्रवी रेणूही थोडे लागतातच. त्यांच्या इशाऱ्यावरच मूळपेशी कामाला लागतात. शिवाय अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं, असंही नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निकाल १९९४ साली आला: बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

कोकमाच्या सालीत अँथोसायनिन आणि गार्सिनॉल ही द्रव्यं आहेत, प्रयोगशाळेत त्यांचा अँटिऑक्सिडंट गुण दिसतो. आगळ पिऊन माणसाच्या मूळपेशी वाढतात, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. म्हणून आमच्या लेबलावर ते कधीच छापणार नाही, खप वाढला तरी नाही. सोलकढी चवीसाठी प्या, जेवण छान होतं.

आगळात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर बेतानेच. अमृत कोकमात साखर आहे, मधुमेह असलेल्यांनी ते टाळावं. किमोथेरपी चालू असेल तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बाटली उन्हात ठेवू नका, लाल रंग तपकिरी पडतो. चमचा कोरडाच घाला.