'पुढे आयव्हीएफ आहेच' म्हणून थांबताय?

'आत्ता नाही झालं तरी पुढे आयव्हीएफ आहेच' हा समज जुना आहे आणि त्यापायी अनेक जोडप्यांची मोलाची वर्षं जातात. आयव्हीएफमध्ये बीजांड आणि शुक्राणूंचं मीलन शरीराबाहेर, प्रयोगशाळेत घडवतात. त्यामुळे बंद गर्भनलिकांचा अडथळा टळतो. शुक्राणू फार कमी असतील तर इक्सी पद्धतीने एकच शुक्राणू बीजांडात सोडता येतो. बीजांडाचं वय मात्र कमी होत नाही. स्त्रीची बीजांडं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. पस्तिशीनंतर, आणि चाळिशीजवळ तर झपाट्याने, त्यांची संख्या घटते, गुणसूत्रांतल्या चुका वाढतात. आयव्हीएफमधल्या इंजेक्शनांनी एका चक्रात, म्हणजे उपचाराच्या एका फेरीत, जास्त बीजांडं मिळतात, पण त्यांची प्रत सुधारत नाही. एएमएच या संप्रेरकाच्या रक्ततपासणीतूनही बीजांडांच्या साठ्याचा अंदाज येतो, प्रतीचा नाही.

म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी करावी. स्त्रीचं वय 35 किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांतच. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. आणि तपासणी दोघांचीही! वीर्यतपासणी इतकी सोपी, तरी ती कितीदा सगळ्यांत शेवटी होते, याचं फार वाईट वाटतं.

तपासणी म्हणजे लगेच आयव्हीएफ नव्हे. बीजांड वेळेवर सुटत नसेल तर अनेकदा गोळ्यांनी काम होतं. दोन्ही नलिका बंद असतील तर मात्र आयव्हीएफबद्दल लवकर बोलावं. तेव्हा केंद्राच्या यशाचा एकूण आकडा पुरेसा नाही. आपल्या वयोगटात, सुरू केलेल्या चक्रांपैकी कितींतून बाळ जन्मलं, ते विचारा.