गिर्मा, नेओमी : प्रारंभिक कारकीर्द

गिर्मा, नेओमी : (१४ जून २०००). अमेरिकेची फुटबॉलपटू; बचावफळीच्या मध्यभागी खेळणारी बचावपटू. (अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले की वेगळाच खेळ डोळ्यांपुढे येतो, पायाने खेळायच्या खेळाला तिथे सॉकर म्हणतात.) २०१८ ते २०२१ या काळात ती स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघातून खेळली. तिची ओळख तिथेच घडली.

जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, इथिओपियातून आलेल्या आईवडिलांच्या पोटी. ‘गिर्मा’ हे तिचे आडनाव नव्हे, वडिलांचे नाव. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते, इथिओपियात ते शेवटी येते, फरक एवढाच. शहरातल्या इथिओपियन कुटुंबांच्या मुलांसाठी ‘मलेदा’ नावाचा सॉकर क्लब होता. तो उभा करणाऱ्यांमध्ये वडील होते. अम्हारिक भाषेत मलेदा म्हणजे पहाट. मुले चेंडूमागे धावत, मोठी माणसे मैदानाच्या कडेला गप्पा मारत; स्पर्धेपेक्षा ते गावकीचे संमेलन अधिक होते. अमेरिकेत मुलांचे क्लब-सॉकर हा पालकांचा खिसा रिकामा करणारा प्रकार आहे. त्या चाकोरीबाहेर खेळाची सुरुवात होणे तिथे तसे दुर्मीळच. पुढे ती सेंट्रल व्हॅली क्रॉसफायर आणि कॅलिफोर्निया थॉर्न्स या क्लबांतून खेळली. २०१६ मध्ये जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघात तिची निवड झाली.

२०१८ मध्ये ती स्टॅनफर्डला दाखल झाली. घरापासून गाडीने तासभरही लागत नाही, पण फुटबॉलच्या दृष्टीने ही उडी मोठी होती. प्रशिक्षक पॉल रॅटक्लिफ यांच्या संघाने आदल्याच वर्षी महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. अभ्यासाला तिने सिम्बॉलिक सिस्टिम्स हा विषय घेतला. संगणकशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांची मोट बांधणारा हा स्टॅनफर्डचा खास अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात फ्लोरिडा स्टेटकडून हरला. दुसऱ्या वर्षी गिर्मा कर्णधार होती.

बचावपटूची मोजदाद करणे अवघड असते. गोल करणारीच्या नावापुढे आकडा चढतो. गोल होऊ न देणारीच्या नावापुढे तसे काही लिहिले जात नाही. गिर्माच्या खेळात अंगावर झेप घेऊन चेंडू हिसकावणे कमीच. समोरची खेळाडू कुठे वळणार हे आधी ओळखून ती वाट अडवायची आणि चेंडू मिळाला की तो आंधळेपणाने उडवून न देता मधल्या फळीतल्या मैत्रिणीच्या पायाशी नेऊन द्यायचा, ही तिची पद्धत. म्हणून तिचा चांगला सामना बघणाऱ्याला कित्येकदा शांत, जवळजवळ कंटाळवाणा वाटतो.

८ डिसेंबर २०१९ चा अंतिम सामना योगायोगाने सॅन होजेतच होता. समोर नॉर्थ कॅरोलायना, म्हणजे महाविद्यालयीन महिला फुटबॉलमध्ये सर्वाधिक विजेतेपदे मिळवणारा संघ. महाविद्यालयीन नियम तेव्हा जरा निराळे होते. ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल, तर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव होत आणि त्यात पहिला गोल पडला की खेळ तिथेच संपे. अशा वेळी बचावपटूची एकच चूक म्हणजे करंडक गेला. ११० मिनिटे झाली तरी फलक ०–० होता. मग पेनल्टी. स्टॅनफर्डची गोलरक्षक केटी मायर हिने दोन फटके अडवले आणि संघ ५–४ ने जिंकला. स्टॅनफर्डचे हे तिसरे विजेतेपद. त्या हंगामात पॅक-१२ परिषदेची (स्टॅनफर्ड ज्यात खेळे त्या विद्यापीठ-संघांच्या गटाची) सर्वोत्तम बचावपटू गिर्माच ठरली.

२०२० च्या सुरुवातीला तिच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या २० वर्षांखालील संघाने उत्तर-मध्य अमेरिका व कॅरिबियन विभागाचे विजेतेपद मिळवले. पण करोनामुळे पुढचा विश्वचषक रद्द झाला. त्याच वर्षी गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला आणि महाविद्यालयाचा अख्खा हंगाम हातचा गेला. महिला फुटबॉलमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त दिसते; परतायला सहज नऊ महिने ते वर्ष जाते. २०२० ची देशातली सर्वोत्तम तरुण महिला खेळाडू म्हणूनही तिचीच निवड झाली होती. २०२१ मध्ये ती मैदानावर परतली आणि पुन्हा परिषदेची सर्वोत्तम बचावपटू ठरली.

महाविद्यालयीन संघातून खेळण्याची पात्रता शिल्लक असतानाच तिने अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये नाव दिले. ड्राफ्टमध्ये खेळाडूने क्लब निवडायचा नसे. क्लब पाळीपाळीने खेळाडू उचलत. डिसेंबर २०२१ मध्ये सॅन दिएगो वेव्ह या नव्याने निघालेल्या क्लबने सर्वांत आधी तिला उचलले. अँडी सलिव्हन (२०१८), टिएर्ना डेव्हिडसन (२०१९) आणि सोफिया स्मिथ (२०२०) यांच्यानंतर पाच वर्षांत पहिल्या क्रमांकावर निवडली गेलेली ती स्टॅनफर्डची चौथी खेळाडू. हा ड्राफ्ट लीगने २०२४ मध्ये कायमचा बंद केला.

वेव्हच्या तेव्हाच्या प्रशिक्षक केसी स्टोनी या स्वतः इंग्लंडच्या माजी बचावपटू. नव्या मुलीच्या दृष्टीने हे पथ्यावरच पडले. लीगचा नियमित हंगाम सुरू होण्याआधीच, १२ एप्रिल २०२२ रोजी, उझबेकिस्तानविरुद्ध ती वरिष्ठ राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळली. वर्षअखेरीस सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. लीगमध्ये एकाच हंगामात ही जोडी त्याआधी कुणाला साधली नव्हती.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, केटी मायर गेली, वय २२. तिने स्वतःचे जीवन संपवले होते. २०२३ च्या विश्वचषकाआधी गिर्माने आपल्या या मैत्रिणीविषयी जाहीरपणे लिहिले आणि स्पर्धा तिला अर्पण केली. खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलले जावे यासाठी चाललेल्या मोहिमेतही ती उतरली. त्या स्पर्धेत अमेरिका स्वीडनकडून पेनल्टीवर हरून उपउपान्त्यपूर्व फेरीतच बाहेर पडली. तोवरच्या चार सामन्यांत गिर्मा एक मिनिटही मैदानाबाहेर नव्हती आणि संघाने खाल्लेला गोल एकच.