ठोसा टाचेतून निघतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पहाटे साडेपाचला कडुनिंबाखाली बॉक्सिंगच्या सरावाला पोट्टे जमतात. फांदीला टांगलेलं बारदान, आत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. आधी रेती भरली होती. ती खाली बसून दगड झाली आणि मनगटं सुजली.

नवा पोट्टा नुसत्या हातानं मारतो, बारदान जेमतेम हलतं. बाभळीचा ओंडका कुऱ्हाडीनं फोडलेल्याला मात्र लवकर उमगतं. मागची टाच उचलायची, पायानं जमीन मागे रेटायची. जमीन तेवढ्याच जोरानं आपल्याला पुढे ढकलते. तो जोर कंबरेच्या वळणातून खांद्यात चढतो आणि शेवटी मुठीत उतरतो. हात म्हणजे चाबकाचं टोक. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ केलेली पोरं इथं तो पहिल्यांदा पायात अनुभवतात.

हौशी बॉक्सिंगमध्ये मोठ्यांची लढत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, मध्ये १ मिनिट दम खायचा. ऐकायला किरकोळ. पण जोराच्या ठोशांत स्नायूंतली तयार ऊर्जा काही सेकंदांतच संपत येते, मग साखर ऑक्सिजनवाचून वापरली जाते आणि ही उधारी त्या एका मिनिटात हृदय-फुप्फुसांना फेडायची असते. सरावानं फेड लवकर होते. दोरीवरच्या उड्यांचा लाभ वेगळाच: वाढत्या वयात हाडांवर असा भार पडला की ती दाट होतात. ही कमाई मुख्यतः विशीपर्यंतचीच, म्हणून पोरींनी तर दोरी सोडूच नये. नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, हे त्यांना सांगायला बरं पडतं.

डोक्यावरच्या माराबाबत मी हट्टी आहे. बाजूनं ठोसा बसला की कवटी गर्रकन फिरते, आत द्रवात तरंगणारा मेंदू मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. शिरस्त्राण जखमा टाळतं, हा हिसका नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनांनी २०११ मध्ये मुलांच्या बॉक्सिंगला विरोध केला तो यामुळेच. त्यामुळे आमच्याकडे बारदान आणि दोरी रोज, समोरासमोरचा सराव क्वचित, तोही डोकं वगळून.

दुसरी खोड वजनगटाची: खालच्या गटात बसायला घाम गाळून वजन उतरवायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना एक पोट्टा पाणी तोडून, रेनकोट घालून पळत होता. घाम वाळला तरच अंग थंड होतं. रेनकोटात तो वाळणार कसा? सावलीत बसवून त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तो वरच्या गटात उतरला आणि पहिलीच लढत हरला.