बाराव्या स्फोटाचा हिशेब

संकटात राज्यकर्ता उतरला की बुडाला, हा वाद महाराष्ट्रात १९९३ पाशी हमखास येऊन थांबतो. त्याआधी पानशेत झाले, ७२चा दुष्काळ झाला. दुष्काळातल्या कामांवरून तर रोजगार हमी घराघरांत पोचली. पण ते दाखले आता फक्त भाषणांत उरलेत.

डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत मुंबईत ९०० जण मेले. लष्कर रस्त्यावर होते, मात्र त्याच्या परिणामकारक वापराचे आदेश द्यायला मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले, असा ठपका चौकशी आयोगाने पुढे ठेवला. ते मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक गेले, दिल्लीहून शरद पवार आले. त्यांना जेमतेम आठवडा होतो न होतो तोच, १२ मार्चच्या शुक्रवारी दुपारी शेअर बाजारापासून स्फोटांची मालिका सुरू झाली. २५७ बळी.

नव्या मुख्यमंत्र्यांनी त्या दिवशी लोकांना स्फोटांची जी ठिकाणे सांगितली, त्यांतले एक मनाचे होते. त्यांच्याच कथनानुसार स्फोट अकरा झाले आणि सगळे हिंदूबहुल भागांत. दंगलीची आग पुन्हा भडकू नये म्हणून त्यांनी मुस्लिम वस्तीतले मशीद बंदर बारावे म्हणून जोडले. दंगलींची चौकशी करणाऱ्या त्याच आयोगापुढे साक्षीत ही गोष्ट आपण कबूल केली आणि आयोगाने दाद दिली, हेही तेच सांगतात. गुंता असा की आज बहुतेक नोंदी बाराच स्फोट मोजतात आणि त्या यादीतला काथा बाजार मशीद बंदराला लागूनच आहे. मग वाढवलेले ठिकाण नेमके कोणते?

विरोधकांना यात दिसते ते लांगूलचालन. सरकारनेच खोटे बोलायचे तर लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा, असे ते विचारतात. समर्थक शहराकडे बोट दाखवतात. दंगल झाली नाही, सोमवारी शेअर बाजार उघडला. हे त्या एका वाक्याने घडले, असे मात्र कुणालाच सिद्ध करता येणार नाही. दंगल न होण्याची कारणे मोजायची कशी?

त्याच सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप. तिथले मदतकार्य आजही वाखाणले जाते. तरी १९९५ला सत्ता गेलीच. मतदार संकटाचे गुण वेगळे ठेवतो आणि गुन्हेगारी-भ्रष्टाचाराच्या आरोपांचे वेगळे.

२००८ला मापच बदलले. २६/११चा दहशतवादी हल्ला संपताच मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलच्या पाहणीला गेले, तेही अभिनेता मुलगा आणि एका चित्रपट दिग्दर्शकाला घेऊन. त्या तीन दिवसांत सरकारने काय केले, यापेक्षा ती फेरी जास्त गाजली. गृहमंत्री आर. आर. पाटलांना, ‘बड्या शहरां’त अशा घटना होतच असतात, हे वाक्य भोवले. दोघांचीही पदे गेली. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या द्विसदस्यीय समितीचा मुख्य ठपका आला तो पोलीस आयुक्तांवर. डिसेंबर २००९मध्ये तो अहवाल विधानसभेत आला, तेव्हा गृहखात्यावर पुन्हा तेच मंत्री होते.