काडतूस आधी ठरवा, अर्ज मग भरा: .२२ रायफलच्या परवान्यात माणसं अडतात कुठे

मागच्या महिन्यात क्लबात एक वडील जाडजूड फाइल घेऊन आले. मुलगी बावीस वर्षांची, राज्य स्पर्धेत चांगली खेळलेली, आणि परवान्याचा अर्ज फेटाळलेला. फाइलमध्ये दहावीच्या गुणपत्रिकेपासून सगळं होतं. अर्ज उघडला, तर कारणाच्या रकान्यात ‘आत्मसंरक्षण’. पॉइंट टू-टूने, म्हणजे .२२ इंची नळीच्या रायफलने, कसलं आत्मसंरक्षण? ‘टेबलावरच्या साहेबांनीच तसं लिहा म्हटलं,’ म्हणाले.

घोडं तिथेच पेंड खातं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. आत्मसंरक्षण लिहिलंत की जिवाला धोका कोणाकडून, ते सिद्ध करत बसा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? तेव्हा ‘लक्ष्यवेध सराव’ असंच लिहा.

दुसरी अडचण सदस्यत्वाची. अकादमीचं ओळखपत्र म्हणजे क्लबचं सदस्यत्व नव्हे. क्लब राज्य संघटनेशी आणि ती राष्ट्रीय रायफल संघटनेशी संलग्न हवी. फी भरण्याआधी संलग्नतेचं पत्र मागा. टाळाटाळ झाली तर काय ते समजून घ्या. स्वतःच्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं, तोवर क्लबच्या रायफलवर सराव. १० मीटरची ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवान्याची गरजच नाही.

बाकी सोपं आहे. अर्ज ए-१ नमुन्यात, वैद्यकीय दाखला एस-३ मध्ये, सोबत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, फोटो, पत्त्याचा पुरावा. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आता काडतुसं. रायफल कुठली घ्यायची यावर लोक वर्षभर खल करतात आणि काडतुसांचा रकाना पाच सेकंदांत उरकतात. त्यात दोन आकडे असतात: एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची. पहिला आकडा १०० पडला आणि खोके आले ५०० च्या ब्रिकमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, तर ब्रिक घरी नेता येत नाही. वर्षाचा कोटा कितीही मोठा असो. हिशोब कागदावर करा. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ६० गोळ्या, साइटरच्या, म्हणजे आधी नेम जुळवायच्या, वीसेक, म्हणजे दिवसाला ८०. आठवड्यातून तीन दिवस धरले तरी वर्षाला बारा हजारांच्या घरात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांचा कोटा बराच वाढवला, पण तुमच्या वाट्याला किती येतं हे संघटनेने दिलेल्या दर्जाच्या प्रमाणपत्रावर ठरतं. ते प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं राहून जातं, आणि मग क्लबात येऊन कार्यालयाच्या नावाने बोटं मोडली जातात.

रेंजचे नियमही आधी वाचा. ५० मीटरला फक्त .२२ लाँग रायफल काडतूस, रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं), शिशाची किंवा तशाच मऊ धातूची गोळी. .२२ मॅग्नम हे वेगळं काडतूस आहे, ते चालत नाही, नावातल्या ‘.२२’ वर जाऊ नका. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जादा वेगाच्या काडतुसांचाही मोह नको. आवाजाच्या वेगापुढे सुटलेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळते. स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, आणि गोळी स्वतःच ५.६ मिमीची. तिथे लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) बदलला तरी ग्रुप फुटतो, म्हणजे गोळ्या एका जागी न पडता विखुरतात. म्हणून आधी दोन-तीन लॉटचे थोडे खोके घेऊन दहा-दहा गोळ्या मारून बघा, रायफलला मानवेल त्या लॉटची मोठी मागणी संघटनेमार्फत नोंदवा.

३०० मीटरची हौस असेल तर जरा दमानं. आंतरराष्ट्रीय नियमात ८ मिमीपर्यंतचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, चालतो. ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणारी), चिलखतभेदी आणि आग लावणारी काडतुसं बाद. पण .३०३ किंवा ७.६२ आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतात आणि तो परवाना जिल्ह्यात मिळत नाही, दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. आधी रेंज कुठे मिळणार ते बघा, मग कॅलिबर.

मित्राच्या परवान्यावरची उरलेली काडतुसं ‘दोन दिवसांसाठी’ घरी आणू नका. हा गुन्हा आहे, आणि पकडल्यावर मित्रही अडकतो.

मुदतींचा घोळ नेहमीचा. परवाना पाच वर्षांचा असतो, पण नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधी जायला हवा, शेवटच्या आठवड्यात नाही. पोलिसांचा अहवाल ठरल्या मुदतीत आला नाही, तर त्याची आणखी वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिली आहे. खिडकीवर हे कोणी आपणहून सांगत नाही. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांत अपील करा.

त्या वडिलांचा नवा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. पोलीस पडताळणीच्या दिवसांत मुलीने घरी थांबावं, एवढंच बजावलंय. मुलगी रेंजवर, घराला कुलूप, आणि अहवालात ‘अर्जदार आढळून आला नाही’ असा शेरा, हे मी याआधी तीनदा पाहिलं आहे.